मोजणाऱ्या हाताची मजुरी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांना मी तालुक्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवताना पाहिलं आहे. परीक्षा आटोपल्या की चार-सहा मुलांना घेऊन ते रानात जात. एसटीचं भाडं, वह्या, भिंग, दुपारचं जेवण, सगळा खर्च त्यांचा. त्या मुलांपैकी काही आज विद्यापीठात शिकवतात, काही वनखात्यात आहेत. सरांच्या विद्वत्तेबद्दल बोलायला माझ्याहून अधिकारी माणसं या सभागृहात बसली आहेत. मी आज त्यांच्या खिशाबद्दल बोलणार आहे. एका शिक्षकाच्या खिशातून जे भागलं, ते भागवणं समाजाचं कर्तव्य होतं. ते कर्तव्य आपण अजूनही पुरतं ओळखलेलं नाही.

विषय असा आहे की, पदवीच्या वर्गातल्या मुलामुलींना उन्हाळ्याच्या सुट्टीत पर्यावरणविज्ञानाचं खरं काम मिळावं आणि त्या कामाचे पैसे मिळावेत. स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय किरकोळ वाटेल. हवामानबदल, जंगलतोड, नद्यांचं मरण असे मोठे विषय सोडून मुलांच्या स्टायपेंडवर काय बोलायचं, असं निमंत्रण स्वीकारताना मलाही कोणी कोणी सुचवलं. पण हवामानबदलाबद्दल आपल्याला जे काही नक्की माहीत आहे, त्यातलं बरंचसं कोणीतरी उन्हातान्हात जाऊन मोजलेलं आहे. तो मोजणारा कोण असतो आणि कोण असू शकत नाही, हे त्याला पैसे मिळतात की नाही यावर ठरतं.

एका जंगलापासून सुरुवात करतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पीटरशम नावाचं लहान गाव आहे. तिथे हार्वर्ड विद्यापीठाचं संशोधनाचं जंगल आहे, १९०७ सालापासूनचं. या जंगलात फिरताना मध्येच दगडी गडगे लागतात, आपल्या कोकणात परड्याभोवती असतात तसे. कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही बहुतेक जमीन शेती आणि कुरणांसाठी मोकळी केलेली होती. पुढे शेतकरी ती सोडून गेले आणि रान परत आलं. गडगे तेवढे राहिले.

या रानात १९९१ साली जेरी मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग मांडला. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद असे जमिनीचे तुकडे आखले. काही तुकड्यांत दहा सेंटीमीटर खोल विजेच्या तारा पुरल्या आणि माती आजूबाजूच्या मातीपेक्षा कायम पाच अंश सेल्सिअसनं गरम ठेवली. आणखी काही तुकड्यांत तशाच तारा पुरल्या, पण वीज सोडली नाही, म्हणजे जमीन उकरल्याचा परिणाम कोणता आणि उष्णतेचा कोणता हे वेगळं कळावं. उरलेल्या तुकड्यांना हातच लावला नाही. प्रश्न होता: माती तापली तर तिच्यातला कार्बन किती आणि किती काळ हवेत जात राहील?

पहिली दहाएक वर्षं तापलेल्या मातीतून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडला. मग ते थांबलं. सात वर्षं तापलेल्या आणि न तापलेल्या मातीत फरक दिसेना. त्या वेळी प्रयोग बंद केला असता, तर मातीला उष्णतेची सवय होते आणि काळजीचं कारण उरत नाही, असं आपण पुस्तकात लिहून मोकळे झालो असतो. प्रयोग बंद केला नाही. काही वर्षांनी मातीतून पुन्हा कार्बन सुटू लागला आणि पुन्हा थांबला. मातीतल्या सूक्ष्मजीवांचा समाज बदलत होता. आधी सहज पचणारं संपलं, मग पचायला जड असलेलं पचवणारे पुढे आले. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सव्वीस वर्षांचा हिशेब छापून आला. वरच्या साठ सेंटीमीटर थरातला सुमारे १७ टक्के कार्बन निघून गेला होता.

आता माझा प्रश्न. सव्वीस वर्षं मोजत कोण होतं? शास्त्रज्ञ होते, तंत्रज्ञ होते, आणि दर उन्हाळ्यात येणारे पदवीचे विद्यार्थी होते. या जंगलात ऐंशीच्या दशकापासून उन्हाळी संशोधनाचा कार्यक्रम चालतो. देशभरातून मुलं येतात, साधारण अकरा आठवडे राहतात. राहण्याजेवणाची सोय होते आणि वर विद्यावेतन मिळतं. कोणी मातीवर झाकण ठेवून आत साठणारा वायू मोजतं. कोणी पस्तीस हेक्टरांच्या आखलेल्या तुकड्यात प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर घेतं. कोणी हेमलॉकच्या फांद्या उलट्या करून जपानहून आलेली ती पांढरी लोकरीसारखी कीड शोधतं, जिनं त्या झाडांच्या राईच्या राई वाळवल्या. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकानं आपलं काम सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. आणि आकडे त्या जंगलाच्या खुल्या संग्रहात जातात. तीस वर्षांनी कोणी ते उघडेल तेव्हा एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं जुलैच्या दुपारी घेतलेली नोंद तिथे असेल.

अशा जंगलात येणाऱ्या बऱ्याच मुलांचा खर्च अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या एका योजनेतून होतो. पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणारी ही योजना १९८७ साली सुरू झाली. तिच्या आधीही एक होती. १९५७ साली रशियानं स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली, आणि विज्ञानशिक्षणात पैसा ओतताना पदवीच्या मुलांना प्रयोगशाळेत कामाला घेण्याची योजना निघाली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अंदाजपत्रकाच्या कात्रीत ती गेली. पाचेक वर्षं काही नव्हतं. मग १९८७. हे मी मुद्दाम सांगतो, कारण श्रीमंत देशातही अशी योजना कोणाच्या तरी आग्रहावर टिकते. २०२५ सालच्या उन्हाळ्याआधीही तिथल्या अनेक विद्यापीठांनी पैशांची खात्री नाही म्हणून त्या वर्षीचे कार्यक्रम रद्द केले किंवा आखडते घेतले.

या योजनेच्या मार्गदर्शिकेत काही वर्षांपूर्वी आठवड्याला ६०० डॉलर विद्यावेतन सुचवलेलं होतं. दहा आठवड्यांचे ६,००० डॉलर. निवास, प्रवास वेगळा. ही रक्कम खिरापत म्हणून ठरवलेली नाही. उन्हाळ्यात एखाद्या दुकानात किंवा खानावळीत काम करून मुलगा जे कमावेल, ते त्याला सोडावं लागू नये, हा त्यामागचा हिशेब आहे. आपल्याकडच्या पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: या योजनेचं विद्यावेतन अमेरिकेचे नागरिक आणि कायमचे रहिवासी यांनाच मिळतं. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलांना ते खुलं आहे, इथून अर्ज करणाऱ्यांना नाही. इथल्या मुलांसाठी कॅनडातली मिटॅक्स ग्लोबलिंक आणि जर्मनीतली डाड संस्थेची योजना आहे, पण त्यांचा लाभ मुख्यतः नावाजलेल्या संस्थांतल्या मुलांपर्यंत पोहोचतो.

विनावेतन कामाबद्दल परिस्थितिविज्ञानातल्या लोकांमध्येच मोठा वाद झालेला आहे. रानात काम करायला फुकट माणसं सहज मिळतात, कारण ज्यांना प्राण्यापक्ष्यांचं वेड असतं त्यांना संधीच हवी असते. ऑरिएल फोर्निए आणि अलेक्झांडर बाँड या दोन संशोधकांनी २०१५ साली एका वन्यजीवविषयक नियतकालिकात स्पष्ट लिहिलं की, फुकट राबणारे क्षेत्रसहायक या विद्याशाखेचंच नुकसान करतात. जो उन्हाळाभर बिनपगारी राहू शकतो तोच पुढे जातो, आणि पुढे जाण्यासाठी पहिला अनुभव लागतो. म्हणजे विसाव्या वर्षी घरचे पैसे असण्यावर चाळिसाव्या वर्षी प्राध्यापक होणं ठरतं. बुद्धीचा प्रश्न नंतर येतो.

आता घरी येऊ.

आमच्या महाविद्यालयातली मुलं मे महिन्यात काय करतात, हे मला ठाऊक आहे. कोणी आंब्याच्या पेट्या भरतात. कोणी उन्हाळ कांदा काढायला आणि चाळीत भरायला जातात. लग्नसराईत वाढप्याचं काम असतं, पेट्रोलपंप असतो, काकाचं मोबाइलचं दुकान असतं. त्यातून जूनची फी निघते, धाकट्या भावाचं दप्तर निघतं. अशा मुलीला आपण सांगतो की, पुण्यात एका संस्थेत आठ आठवड्यांची इंटर्नशिप आहे, विषय तुझ्या आवडीचा आहे, प्रमाणपत्र मिळेल. ती विचारते, सर, राहायचं कुठे? खानावळीचे किती होतील? काही ठिकाणी तर शिकवण्याचे आणि राहण्याचे पैसे उलट मुलांकडूनच घेतात. ती मुलगी नाही म्हणते, आणि आपण नोंद करतो की ग्रामीण मुलांना संशोधनात रस नाही.

तिच्या घरचा प्रश्न आणखी वेगळा असतो. मुलगी दोन महिने बाहेर राहणार, ती कशासाठी? ‘शिकायला’ हे उत्तर कॉलेजच्या दिवसांत चालतं. सुट्टीत चालत नाही, कारण सुट्टीत घरात आणि शेतात तिचे हात हवे असतात. ‘कामाला लागलेय, एवढे मिळतात’ हे उत्तर मात्र आजीलाही पटतं. मी असं घडताना पाहिलं आहे. एका विद्यार्थिनीला एका संशोधनसंस्थेत लहानसं विद्यावेतन मिळालं. पहिले पैसे आले तेव्हा तिच्या वडिलांनी मला फोन करून विचारलं, ‘हे पाण्याचे नमुने घेण्याचेच पैसे का?’ मी हो म्हणालो. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली तेव्हा घरात कोणी काही विचारलं नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, जिची स्थापना चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३४ साली केली, ती दिल्ली आणि प्रयागराज इथल्या दोन अकादम्यांबरोबर उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देते. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम, विद्यावेतन, प्रवासखर्च. तिची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ती शिक्षकांनाही मिळते. तालुक्याच्या कॉलेजातला अध्यापक दोन महिने चांगल्या प्रयोगशाळेत राहून आला, की पुढची दहा वर्षं त्याच्या वर्गाला त्याचा उपयोग होतो. या सभागृहात अध्यापक असतील तर त्यांनी अर्ज करावा, अगदी या वर्षीच. पण या जागा देशभराला मिळून आहेत, सगळ्या विज्ञानशाखांना मिळून आहेत. आपल्या तालुक्यातल्या किती मुलांना त्या पुरणार?

मग नव्या शैक्षणिक धोरणानं इंटर्नशिप सगळ्यांनाच लागू केली. एका श्रेयांकामागे तीस तास, चार श्रेयांकांचे १२० तास. दिवसाचे आठ तास धरले तर पंधरा दिवस. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूनं बोललोही आहे. पण पैशांचा विचार केला नाही आणि तालुक्यात तेवढी कामंही नाहीत. त्यामुळे पंधरा दिवसांचं पत्र मिळवण्यासाठी मुलं दारोदार फिरतात. ज्याच्या ओळखीत औषधाचं दुकान आहे त्याचं काम तिथे होतं. पर्यावरणविज्ञानाचा मुलगा औषधाच्या दुकानात खोकी लावून चार श्रेयांक मिळवतो. त्याला दोष द्यायचा मला धीर होत नाही.

सरकारनं पैसे द्यायचं तत्त्व मान्य केलेलं नाही असंही नाही. २०२४ सालच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना दरमहा ६,००० रुपये, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये ठरले. पण शिक्षण चालू असलेल्यांना तिचा लाभ नाही. म्हणजे शिकणं संपलं की शिकण्याचे पैसे.

या राज्याला हे नवीन असायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि कष्ट करून शिकण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आजही आपल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत चालते. तासाच्या दरानं पैसे मिळतात. मुलं बागेला पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, कार्यालयात फायली ठेवतात. या कामांत हलकं काही नाही. मी स्वतः त्यातून शिकलेल्यांना शिकवलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की, ज्या मुलाला आपण तीन वर्षं भूजलशास्त्र शिकवतो, त्याला कमवायला फायली का देतो? कमावणं आणि शिकणं यांच्यात भिंत घातली ती आपण. कर्मवीरांनी ती घातली नव्हती.

दुसरा वारसा रोजगार हमीचा. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात हा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला, १९७७ साली त्याचा कायदा झाला. या कामांसाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. आजही तुमच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात, त्याचं मूळ तिथे आहे. गावातल्या उन्हाळ्याच्या कामासाठी शहरानं पैसे द्यावेत, हे या राज्यानं देशाच्या कितीतरी आधी मान्य केलं. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. जो हात पाझर तलावाची माती काढतो, त्याचा या मजुरीवर हक्क आहे. त्या तलावामुळे खालच्या विहिरींचं पाणी किती वाढलं, हे मोजणारा हातही सार्वजनिक कामच करतो. त्याला आपण प्रमाणपत्र देतो.

आणि ते मोजण्याची गरज किती आहे, ते सांगतो. आपल्या राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग दख्खनच्या काळ्या बसाल्टवर आहे. या खडकात पाणी सलग साठत नाही. झिजलेल्या थरात, भेगांत, जिथे जागा मिळेल तिथे ते राहतं. म्हणून एका वाडीची विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते आणि अर्ध्या किलोमीटरवरची जूनपर्यंत उपसते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींची पातळी घेते. पन्नासेक वर्षांची ही नोंद फार मोलाची आहे. पण विहिरी आहेत चार हजारांच्या आसपास, आणि राज्याचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर. म्हणजे साधारण पाऊणशे चौरस किलोमीटरमागे एक विहीर. तालुक्याचं चित्र त्यातून कळतं. माझ्या गावात नवी कूपनलिका घ्यावी की नाही, हे कळत नाही.

विहीर मोजणं हे कौशल्य आहे. नवखा मुलगा विहिरीवर पोहोचताच टेप सोडतो. जाणता आधी मालकाला विचारतो, पंप कधी बंद केला? रात्रभर उपसा चालू असेल तर सकाळची पातळी विहिरीची नाही, पंपाची असते. मग काठावर ऑइलपेंटनं खूण करायची, दर वेळी त्याच खुणेपासून मोजायचं, आणि काठाची जमिनीपासूनची उंची वजा करायची. हे सगळं वहीत जागेवर लिहायचं, घरी येऊन आठवून नाही. झरा असेल तर बादली आणि घड्याळ: बादली किती सेकंदांत भरली, तीनदा मोजून सरासरी. पुण्याच्या अक्वाडॅम या संस्थेनं गावोगावच्या लोकांना अशी मोजमापं शिकवून हे सिद्ध केलं आहे की त्यासाठी डॉक्टरेट लागत नाही. लागते ती शिस्त, आणि दर मे महिन्यात परत येणारा माणूस.

हा परत येण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. विहिरीबद्दल एका वर्षाच्या आकड्यानं काही कळत नाही, पीटरशमच्या मातीबद्दल दहा वर्षांनीही कळलं नव्हतं. सरांसारखा एखादा शिक्षक असतो तोवर काम चालतं, तो निवृत्त झाला की वही कपाटात जाते. पगारी जागा असली की तिच्यावर दर वर्षी नवा मुलगा येतो आणि आधीच्याची वही मागतो. निळगिरीतल्या मुदुमलैच्या रानात १९८८ सालापासून पन्नास हेक्टरांतल्या एक सेंटीमीटरहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाची नोंद ठेवली जाते. ती पनामापासून मॅसॅच्युसेट्सपर्यंत पसरलेल्या अशाच जाळ्याचा भाग आहे. अशा नोंदी हौसेवर टिकत नाहीत. त्यामागे वर्षानुवर्षं पगार घेणारी माणसं आहेत, त्यांत स्थानिक आदिवासी सहायकही आहेत.

घाईची किंमतही आपण पाहिली आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार प्रत्येक गावानं आपली लोकजैवविविधता नोंदवही करायची होती. सतरा वर्षं काम रेंगाळलं. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला दहा लाखांचा दंड सांगितला, तेव्हा धावपळ सुरू झाली. आपल्या राज्यात अठ्ठावीस हजारांच्या आसपास स्थानिक संस्था आहेत. एवढ्या गावांतल्या वनस्पती, मासे, बियाणी, जाणत्या माणसांचं ज्ञान काही महिन्यांत कसं नोंदवलं जाणार? सतरा उन्हाळे हाताशी होते. दर उन्हाळ्याला थोडी गावं घेतली असती आणि त्याच तालुक्यातली मुलं पैसे देऊन नेमली असती, तर आज आपल्याकडे खऱ्या नोंदवह्या असत्या, आणि त्या लिहिणारी पिढीही.

तिकडचा आराखडा जसाच्या तसा आणावा असं मी म्हणत नाही. मॅसॅच्युसेट्सचा उन्हाळा म्हणजे पालवीचा, वाढीचा काळ. आपला मे म्हणजे तहानेचा. आमच्या सड्यांवरची फुलं पाहायची तर ऑगस्ट-सप्टेंबर हवा, आणि तेव्हा वर्ग भरलेले असतात. उन्हाळ्यात आपल्याला जे मोजता येतं ते आपण मोजावं. पाणी मोजावं. पत्र्याच्या घरात दुपारी दोन वाजता तापमान किती होतं ते मोजावं. वेधशाळेचा आकडा सावलीतला असतो, माणसं राहतात ती पत्र्याखाली. कोकण किनाऱ्यावर मार्च-एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं वेळासला २००२ च्या सुमारास सुरू केलेलं संवर्धन आज गावांनी उचललं आहे. कासवाचं पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. घरट्यातल्या वाळूचं तापमान रोज घेणारा तिथलाच एखादा बी.एस्सी.चा मुलगा का नसावा?

पैसे दिले की मुलं पैशासाठीच येतील, असा एक आक्षेप मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे, बहुधा पगारी माणसांकडून. प्राध्यापक पगार घेतो म्हणून त्याची विद्येवरची निष्ठा आटत नाही. माझा अनुभव असा की, पैसे मिळणारा मुलगा वेळेवर येतो आणि चूक दाखवली तर ऐकून घेतो, कारण दोघांनाही माहीत असतं की हे काम आहे. फुकट येणाऱ्याला चार शब्द सुनवायला आपल्यालाच संकोच वाटतो. मुलांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा, हा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पद्धतीत आहे. दर दहा विहिरींमागे दोन विहिरी दुसऱ्या जोडीनं, पहिल्यांचा आकडा न पाहता मोजायच्या. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर तिसऱ्यांदा.

हिशेब मांडतो. एका तालुक्यात दहा विद्यार्थी, आठ आठवडे, आठवड्याला सहा दिवस. ४८० मनुष्यदिवस झाले. ३१२ रुपयांनी १,४९,७६० रुपये. दीड लाख धरा. राज्यातल्या साडेतीनशेहून अधिक तालुक्यांना मिळून साडेपाच कोटींच्या आसपास. टेप, तापमापक, प्रवास, विमा आणि मार्गदर्शक शिक्षकाचं मानधन धरून रक्कम दुप्पट करा, तरी अकरा कोटी. साडेतीन हजारांवर मुलं आणि राज्याच्या प्रत्येक तालुक्याचं मे महिन्याचं पाणी, एवढं त्यातून मिळतं. शिक्षकाचं मानधन मी मुद्दाम घातलं आहे. त्याचाही उन्हाळा आहे, त्यालाही घर आहे, आणि सरांनी जे केलं ते दुसऱ्या कोणाला करावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

राज्याचं राज्य करील तेव्हा करील. व्याख्यानमालेच्या विश्वस्तांशी माझं बोलणं झालं आहे, आणि त्यांच्या संमतीनंच हे इथे सांगतो. आपल्या एका तालुक्यातल्या मुलांच्या मजुरीचे दीड लाख या सभागृहातून जमू शकतात. आजचं माझं मानधन त्यात धरावं. दोन अटी मात्र मी घातल्या आहेत. पहिली, निवड गुणांवर करायची नाही. ज्याला मे महिन्यात मजुरीला जावं लागतं त्याचा अर्ज आधी वाचायचा, आणि दहांत निदान पाच मुली हव्यात, त्यांची राहण्याची सोय ठरल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. दुसरी, पैसे दर शनिवारी हातात पडले पाहिजेत. अनुदानं वर्षअखेर येतात आणि मुलांना पैसे दिवाळीत मिळतात, हे मी फार वेळा पाहिलं आहे. एसटीचं तिकीट पहिल्या सोमवारी काढायचं असतं. भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी सोडून आणखी साठ विहिरींची यादी दोन माजी विद्यार्थ्यांनी तयार केली आहे. मालकांची परवानगी घेणं चालू आहे. वळवाचा पाऊस पडायच्या आत पहिली फेरी व्हायला हवी, म्हणून अर्ज मार्चअखेरपर्यंत येऊ द्यावेत. अर्जाचे कागद बाहेर टेबलावर ठेवले आहेत.